तेरा मैलांच्या टोकाचं दगडी स्टेशन

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर, एलिकॉट सिटी हे डोंगरकुशीतलं जुनं गाव आहे. गावाचा मुख्य रस्ता चांगल्याच उताराने खाली पटॅप्स्को नदीकडे जातो. दोन्ही बाजूंना दगडी आणि लाकडी दुकानं आहेत, काही दुकानांच्या पाठीला थेट खडक लागतो, तर काहींच्या पोटाखालून ओढे वाहतात. उतार संपतो तिथे रस्त्यावरून रेल्वेचा पूल गेलेला आहे आणि पुलाला लागून करड्या ग्रॅनाइटची एक इमारत उभी आहे. तिचं बांधकाम 1830 मध्ये सुरू झालं आणि 1831 मध्ये पुरं झालं. अमेरिकेत आजही उभं असलेलं सगळ्यांत जुनं रेल्वे स्टेशन ते हेच.

रुळांवरून मालगाड्या अजून जातात, पण इथे थांबत नाहीत. प्रवासी गाड्या 1949 मध्ये बंद झाल्या. आता इमारतीत संग्रहालय आहे आणि शेजारच्या मालधक्क्यावरच्या गोदामात पहिल्या तेरा मैलांच्या रेल्वेमार्गाची छोटी प्रतिकृती मांडलेली आहे. पाहायला येणारे बहुतेक लोक ‘सर्वांत जुनं’ हे ऐकून येतात. वयाचं महत्त्व आहेच. पण हे स्टेशन बांधलं गेलं तेव्हा स्टेशनात काय काय असावं लागतं, हे त्या देशात कोणालाही माहीत नव्हतं. त्याचं सगळं वेगळेपण या एका गोष्टीतून आलेलं आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा जग रेल्वेला सरावलेलं होतं. फलाट, तिकीटघर, वर्गवारी, वेळापत्रक, सिग्नल हे सगळं इंग्लंडात ठरून, वापरून, सुधारून मगच मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलं. एलिकॉट सिटीचं तसं नव्हतं. ते बांधलं जात होतं त्याच सुमारास, 15 सप्टेंबर 1830 रोजी, इंग्लंडात मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन सुरू झालं. तेही आज संग्रहालयाचा भाग आहे. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंसाठी वेगवेगळी तिकीटघरं होती, म्हणजे बांधणाऱ्यांच्या डोळ्यासमोर माणसं होती. एलिकॉट सिटीत बांधणाऱ्यांच्या डोळ्यासमोर होतं पीठ.

त्या पिठाची गोष्ट आधी सांगायला हवी. 1772 मध्ये जॉन, अँड्र्यू आणि जोसेफ हे तीन एलिकॉट बंधू पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीतून पटॅप्स्कोच्या या खोऱ्यात आले. ते क्वेकर पंथाचे होते. आजूबाजूचे जमीनदार पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू लावत आले होते आणि तंबाखूने जमिनीचा कस खाल्ला होता. एलिकॉटांनी गव्हाचा आग्रह धरला, शेतात जिप्सम घालायला सांगितलं आणि नदीच्या धारेवर गिरण्या उभ्या केल्या. ऑलिव्हर इव्हान्स या कल्पक माणसाची यंत्रणा त्यांनी फार लवकर स्वीकारली. धान्य पट्ट्यावरच्या डब्यांतून आपोआप वर चढायचं, दळलं जायचं, पसरून थंड व्हायचं. पोती खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्या माणसाची गरजच उरायची नाही. गावाला नाव पडलं ते एलिकॉट्स मिल्स. एलिकॉट सिटी हे नाव 1867 मध्ये आलं.

पीठ होत होतं भरपूर. अडचण होती ते बाल्टिमोरच्या बंदरापर्यंत नेण्याची. घोडे जुंपलेल्या अवजड गाड्या, टोलचा रस्ता, पावसाळ्यात चिखल.

बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांना मात्र याहून मोठी धास्ती होती. 1825 मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि पश्चिमेकडचा सगळा माल न्यू यॉर्ककडे वळू लागला. पोटोमॅक नदीच्या काठाने दुसरा कालवा काढायचं चाललं होतं, त्याचा लाभ वॉशिंग्टनला मिळणार होता. बाल्टिमोरच्या पाठीमागे डोंगर. तिथे कालवा खणणं परवडणारं नव्हतं. तेव्हा या व्यापाऱ्यांनी जे पाऊल उचललं ते खरोखर धाडसाचं होतं. इंग्लंडातल्या मोजक्या प्रयोगांवर विसंबून त्यांनी शेकडो मैलांची रेल्वे काढायचं ठरवलं. 28 फेब्रुवारी 1827 रोजी बाल्टिमोर अँड ओहायो रेलरोड (बी अँड ओ) या कंपनीला सनद मिळाली. 4 जुलै 1828 रोजी पहिला दगड बसवला तो चार्ल्स कॅरल यांनी. वय वर्षं नव्वद. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तेव्हा ते एकटेच हयात होते. एलिकॉटांचं ऐकून तंबाखू सोडून गव्हाकडे वळलेल्या बड्या जमीनदारांतही हेच कॅरल होते, म्हणजे गिरणीचा आणि रेल्वेचा धागा एकाच माणसाच्या हातून गेलेला आहे. त्याच दिवशी पोटोमॅकच्या कालव्याची पहिली कुदळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी मारली. दोन प्रतिस्पर्धी एकाच मुहूर्तावर कामाला लागले.

पहिला टप्पा ठरला तो एलिकॉट्स मिल्सपर्यंतचा, तेरा मैल, म्हणजे एकवीस किलोमीटर. अंतर थोडं, पण वाट अवघड. पटॅप्स्को नदी वळणावळणाने जाते आणि रूळ तिच्या काठाने न्यायचे होते. कंपनीने सुरुवातीला खर्चाकडे पाहिलं नाही, दगडी पूल बांधले. बाल्टिमोरजवळचा कॅरल यांच्या नावाचा कॅरलटन पूल 1829 मध्ये पुरा झाला आणि त्यावरून गाड्या आजही जातात. एलिकॉट्स मिल्समध्ये टोलचा रस्ता ओलांडण्यासाठी कमानींचा ऑलिव्हर पूल बांधला. त्याची एकच दगडी कमान आता शिल्लक आहे, बाकीच्या भागात लोखंडी तुळया आल्या.

रूळ आजच्यासारखे नव्हते. लाकडाच्या, काही ठिकाणी ग्रॅनाइटच्या, लांब तुळया टाकून त्यांवर लोखंडाची पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असे. चाकांच्या दाबाने पट्टीचं टोक कधी सुटे, वर वळे आणि डब्याचा तळ फोडून आत घुसे. ग्रॅनाइटच्या तुळया थंडीत गोठलेल्या जमिनीबरोबर वर उचलल्या जात आणि एवढ्या कडक असत की चाकांना आणि डब्यांना हादरे बसत. हे सगळं वापरातूनच कळत गेलं. पुस्तकातून शिकायला पुस्तकंच नव्हती.

24 मे 1830 रोजी या तेरा मैलांवर वाहतूक सुरू झाली. गाडी ओढायला घोडे होते. अर्ध्या वाटेवर घोडे बदलत, आणि त्या ठिकाणाला रिले हे नाव पडलं ते आजतागायत आहे. पहिला डबा म्हणजे रुळांवर ठेवलेली घोडागाडीच होती. त्याची प्रतिकृती संग्रहालयात पाहायला मिळते, आणि ती जवळून पाहिल्यावर त्या पहिल्या दिवसांचा साधेपणा डोळ्यांत भरतो.

घोडे ठेवायचे की इंजिन आणायचं, हा प्रश्न कंपनीच्या संचालकांपुढे होताच. इंग्लंडातली इंजिनं सरळ, रुंद वळणांच्या मार्गांसाठी बनवलेली होती; पटॅप्स्कोच्या वळणांवर ती रुळावरून उतरतील अशी भीती होती. न्यू यॉर्कच्या पीटर कूपर या उद्योजकाने बाल्टिमोरजवळ जमीन घेऊन ठेवली होती. रेल्वे बुडाली तर त्याचेही पैसे बुडणार होते. त्याने स्वतःच एक छोटं इंजिन जुळवलं. उभा बॉयलर, त्यातल्या नळ्या म्हणून बंदुकीच्या नळ्या, आणि विस्तव फुलवायला पट्ट्याने फिरणारा पंखा. 28 ऑगस्ट 1830 रोजी या ‘टॉम थम’ने संचालकांना घेऊन बाल्टिमोर ते एलिकॉट्स मिल्स अशी फेरी केली. वळणांवर ते घसरलं नाही.

परतताना एका करड्या घोड्याशी त्याची शर्यत लागली, इंजिन पुढे गेलं, तेवढ्यात पंख्याचा पट्टा निसटला, वाफ उतरली आणि घोडा जिंकला. ही गोष्ट अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना पाठ असते. तिचा मुख्य आधार म्हणजे कंपनीचे वकील जॉन लॅट्रोब यांनी जवळजवळ चार दशकांनी दिलेलं व्याख्यान. शर्यत त्याच दिवशी झाली का, जशी सांगितली जाते तशीच झाली का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. संग्रहालयाच्या मांडणीत ही गोष्ट असणारच आणि असावीही. पण वाचकाने ती ऐकताना फेरी आणि शर्यत वेगळ्या ठेवाव्यात. अमेरिकेतल्या वाफेच्या वाहतुकीचा पाया त्या फेरीने घातला. शर्यतीने तिला श्रोते मिळवून दिले.

अशा वातावरणात ग्रॅनाइटची ही इमारत उभी राहत होती. दगड तिथलाच, खोऱ्यातल्या खाणींचा. जागा उताराची असल्यामुळे इमारतीला दोन पातळ्या मिळाल्या: खालचा मजला रस्त्याला लागून, वरचा रुळांना लागून. मालासाठी ही रचना सोयीची होती, रस्त्यावरच्या गाड्या आणि रुळांवरचे डबे एकाच इमारतीच्या दोन अंगांना लागत. मालाची जागा, कार्यालय, अधिकाऱ्याचं राहणं, एवढंच मूळ स्वरूप. उतारूंसाठी काहीही नव्हतं. बाल्टिमोरहून हौसेने रेल्वेत बसायला आलेली मंडळी रुळांपलीकडच्या पटॅप्स्को हॉटेलात थांबत, खात, परतीच्या गाडीची वाट पाहत. स्टेशनात उतारूंना जागा मिळाली ती 1856 मध्ये, म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांनी. तेव्हा बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळ्या खोल्या काढल्या, मध्ये तिकिटाची जागा केली. गोदामाचं स्टेशन कसं होत गेलं, हे या एका इमारतीच्या भिंतींतून वाचता येतं, आणि जगात फार थोड्या ठिकाणी ते इतकं स्पष्ट वाचता येतं.

या मार्गाचं शेवटचं स्टेशन होण्याचा मान एलिकॉट्स मिल्सला दीड वर्षच मिळाला. 1 डिसेंबर 1831 रोजी रूळ फ्रेडरिकला पोचले, पुढे 1834 मध्ये हार्पर्स फेरीला, आणि 1852 च्या अखेरीस ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगला.

रूळ टाकणाऱ्या हातांबद्दल स्टेशनच्या दगडांवर काही कोरलेलं नाही. मजुरांत आयरिश माणसं मोठ्या संख्येने होती. 1831 च्या जूनमध्ये, एलिकॉट्स मिल्सच्या पुढच्या टप्प्यावर, ठेकेदाराने मजुरी न देताच पोबारा केला आणि चिडलेल्या मजुरांनी स्वतः टाकलेले रूळ उखडले. त्यांना आवरायला बाल्टिमोरहून सैनिक निघाले ते याच रेल्वेने. पहिला दगड बसवणारे कॅरल शेकडो गुलामांचे मालक होते. नदीपलीकडे बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं घर होतं. एलिकॉट कुटुंबाने दिलेल्या पुस्तकांवर आणि उपकरणांवर तो खगोलशास्त्र शिकला, 1791 मध्ये पुढच्या पिढीतल्या अँड्र्यू एलिकॉटबरोबर नव्या राजधानीच्या मोजणीला गेला आणि त्याच वर्षी थॉमस जेफरसनला पत्र लिहून त्याने गुलामगिरीचा जाब विचारला. तो 1806 मध्ये गेला, रेल्वे त्याने पाहिली नाही. पण हे गाव समजून घ्यायचं तर कॅरल आणि बॅनेकर दोघांनाही एकाच पानावर जागा द्यावी लागते. जतन म्हणजे फक्त दगड राखणं असं मानलं, तर या माणसांची हकिगत गळून जाते.

यादवी युद्धात बी अँड ओ हा मार्ग उत्तरेच्या सरकारसाठी जीवनरेषा होता. 1861 च्या मे महिन्यात दक्षिणेकडे नेली जाणारी वाफेवरची तोफ एलिकॉट्स मिल्सजवळच पकडली गेली. जुलै 1864 मध्ये मोनोकसीच्या लढाईत हरलेलं ल्यू वॉलेसचं सैन्य मागे हटत आलं ते याच गावाकडे.

युद्ध संपलं आणि आठ वर्षांत गावाचं रेल्वेतलं स्थान बदललं. 1873 मध्ये वॉशिंग्टनहून थेट पश्चिमेकडे जाणारा मेट्रोपॉलिटन फाटा खुला झाला. लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडून जाऊ लागल्या आणि पटॅप्स्कोकाठचा पहिला मार्ग ‘ओल्ड मेन लाइन’ म्हणून मागे राहिला. एलिकॉट सिटीत थांबत त्या स्थानिक गाड्या आणि मालाचे डबे. आणखी एक गोदाम 1885 मध्ये बांधलं गेलं, एवढीच मोठी भर.

याच मागे पडण्याने स्टेशन वाचलं. हे नीट पाहायला हवं, कारण जतनाच्या चर्चेत ते फारसं बोललं जात नाही. जिथे वाहतूक वाढली तिथे कंपन्यांनी जुनी स्टेशनं पाडून मोठी बांधली, मग तीही पाडून आणखी मोठी. एलिकॉट सिटीत नवं स्टेशन बांधण्याइतकी वर्दळच उरली नाही, त्यामुळे 1831 च्या भिंतींना कोणी हात लावला नाही. पहिली सव्वाशे-दीडशे वर्षं ही इमारत कोणाच्याही जतनाच्या इच्छेविना टिकली. पुढची पन्नास वर्षं मात्र ती माणसांनी ठरवून, पैसा आणि श्रम घालून टिकवलेली आहे. दोन्ही काळांची गोष्ट वेगळी आहे आणि दुसऱ्या काळाची गोष्ट पहिल्याइतकीच रंगतदार आहे.

1963 मध्ये न्यू यॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडायला सुरुवात झाली आणि अमेरिकेत मोठी हळहळ उमटली. एवढी भव्य वास्तू कायद्याने वाचवता येत नाही, हे लोकांना पहिल्यांदा उमगलं. 1966 मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा आला. 1968 मध्ये एलिकॉट सिटीच्या स्टेशनला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हा तिथे मालाचं कामकाज चालू होतं.

ते बंद पाडलं पाण्याने. 1972 च्या जूनमध्ये ॲग्नेस चक्रीवादळाच्या पावसाने पटॅप्स्को चढली आणि गावाचा खालचा भाग बुडाला. कंपनीने त्यानंतर स्टेशन पुन्हा सुरू केलं नाही. अशा वेळी इमारतींचं पुढे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं: दारं फळ्यांनी बंद, छपरातून गळती, दहा वर्षांनी धोकादायक म्हणून नोटीस. इथे ‘हिस्टॉरिक एलिकॉट सिटी’ या गावातल्याच संस्थेने इमारत हाती घेतली, दुरुस्त केली, आणि चार वर्षांत, 1976 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी, तिथे संग्रहालय उघडलं. पुढे काही वर्षं बाल्टिमोरच्या बी अँड ओ रेल्वे संग्रहालयाने त्याचा कारभार पाहिला. आता तो हॉवर्ड काउंटीच्या मनोरंजन आणि उद्यान विभागाकडे आहे.

जतन करताना सगळ्यांत अवघड प्रश्न पैशाचा असतो, असं वाटतं. त्याआधी एक प्रश्न येतो: कोणत्या सालापर्यंत मागे जायचं? 1831 ला गेलं तर उतारूंच्या खोल्या काढून टाकाव्या लागतील, कारण त्या नंतरच्या. 1949 ठेवलं तर आरंभीचं रूप झाकलेलं राहील. मुख्य इमारतीसाठी 1857 च्या सुमाराचं रूप निवडलं गेलं, म्हणजे उतारूंसाठी फेरबदल झाल्यानंतरचं. त्यामुळे गोदाम आणि प्रतीक्षालय दोन्ही दिसतात. शेजारी 1885 चं गोदाम तसंच आहे आणि 1927 चा, गार्ड बसायचा लाल डबा तिथे आणून ठेवला आहे. एकाच आवारात तीन काळ उभे आहेत. काही काटेकोर अभ्यासकांना हे खटकतं. पण स्टेशन ज्या क्रमाने वाढलं तो क्रम पाहणाऱ्याला दिसतो, आणि हा निर्णय योग्य होता असं म्हणायला पुरेशी जागा आहे. इंजिन फिरवायच्या चकतीचा दगडी पाया जमिनीत सापडला, तोही उघडा ठेवला आहे. इंजिनाचं तोंड बाल्टिमोरकडे वळवायला ही चकती लागे.

संग्रहालय झालं म्हणजे इमारत सुरक्षित झाली, असंही नाही. बाल्टिमोरच्या बी अँड ओ संग्रहालयाचंच उदाहरण आहे. 2003 च्या फेब्रुवारीत प्रचंड हिमवर्षाव झाला आणि 1884 च्या त्यांच्या गोल शेडच्या छपराचा मोठा भाग बर्फाच्या भाराने आत कोसळला, खाली उभ्या ऐतिहासिक इंजिनांवर आणि डब्यांवर. दुरुस्तीला वर्षं लागली.

एलिकॉट सिटीचा शत्रू बर्फ नाही, पाणी आहे. 24 जुलै 1868 च्या पुरात खोऱ्यातली चाळीसच्या आसपास माणसं गेली, घरं आणि गिरण्या वाहून गेल्या. रेल्वे पुलाजवळ पुराच्या पातळ्यांच्या खुणा लावलेल्या आहेत. त्यांत 1868 ची खूण सगळ्यांत उंच, माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी वर. त्याखाली 1972, त्याखाली आणखी काही. या सगळ्या खुणा नदीने खालून वर चढून केलेल्या आहेत. जॉर्ज एलिकॉट यांचं 1789 चं दगडी घर पुरात एवढं खचलं की पुढे 1980 च्या दशकात ते उचलून रस्त्याच्या पलीकडे उंच जागी नेऊन ठेवावं लागलं. स्टेशन त्यामानाने सुदैवी. रूळ नदीच्या पातळीपेक्षा उंच ठेवणं इंजिनिअरांना भागच होतं, त्याचा फायदा इमारतीला मिळाला.

या शतकात पाण्याने दिशा बदलली. 30 जुलै 2016 च्या रात्री तीनेक तासांत साडेसहा इंच पाऊस झाला. वरच्या डोंगरांवर आता वसाहती, रस्ते आणि वाहनतळ आहेत. दुकानांखालून वाहणाऱ्या टायबर, हडसन आणि न्यू कट या ओढ्यांना एवढं पाणी पोटात घेता आलं नाही. मुख्य रस्ताच नदी झाला, तोही वरून खाली, स्टेशनच्या दिशेने. दोन माणसं दगावली. फुटपाथ आणि रस्त्याचा पाया उखडला गेला, गाड्या वाहून गेल्या, स्टेशनसमोरच्या चौकातलं घड्याळ पाण्याने नेलं. दोन वर्षं खपून लोकांनी गाव पुन्हा उभं केलं आणि 27 मे 2018 रोजी आठ इंचांहून जास्त पाऊस पडून तेच सगळं पुन्हा झालं. या वेळी एक जण गेला. ‘हजार वर्षांतून एकदा’ म्हणून वर्णन झालेला पूर दोन वर्षांत परतला होता.

पुलालाही त्याआधी एक जखम झाली होती. 20 ऑगस्ट 2012 च्या रात्री कोळशाची ऐंशी डब्यांची गाडी पुलावर आली असताना रूळ तुटला, एकवीस डबे घसरले. पुलावर बसून गप्पा मारत असलेल्या एकोणीस वर्षांच्या दोन मैत्रिणी कोळशाखाली गेल्या. संग्रहालयाशेजारचा हा मार्ग चालता मार्ग आहे, त्यावरून खरी, जड वाहतूक जाते, याची ही फार कडू आठवण आहे.

2018 च्या पुरानंतर काउंटीने आराखडा मांडला: खालच्या भागातल्या डझनभराहून जास्त जुन्या इमारती पाडायच्या आणि पाण्याला वाट मोकळी करायची. पाडायच्या इमारती स्टेशनच्या अगदी समोरच्या उतारावरच्या होत्या. ‘प्रिझर्व्हेशन मेरीलँड’ या संस्थेने कडाडून विरोध केला. दुकानदारांत फूट पडली. कोणी म्हणालं, माणसांचे जीव वाचणार असतील तर भिंती जाऊ द्या. कोणी म्हणालं, भिंती गेल्या तर इथे यायला कारण काय उरेल? 2019 मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ या वास्तुजतनाच्या राष्ट्रीय संस्थेने देशातल्या सर्वांत धोक्यातल्या अकरा ऐतिहासिक ठिकाणांत एलिकॉट सिटीचं नाव घातलं. त्याच वर्षी, नव्या काउंटी प्रमुखांच्या काळात, पूर्ण पाडायच्या इमारतींची संख्या चारवर आणली गेली आणि भर दिला गेला तो वरच्या बाजूला पाणी अडवणाऱ्या तलावांवर आणि खडकातून काढायच्या मोठ्या बोगद्यावर.

स्टेशनच्या भवितव्याचा प्रश्न आज या जलनियोजनात गुंतलेला आहे. स्टेशनची इमारत एकटी राखून भागणार नाही. ती ज्या रस्त्याचा शेवट आहे तो रस्ता गेला, तर ती एखाद्या वाहनतळाच्या कडेला उभी असलेली दगडी खोली ठरेल. दोन पातळ्यांची तिची रचना, पुलाची कमान, समोरच्या हॉटेलाची जागा, यांपैकी कशाचाच अर्थ लागणार नाही. पिठाच्या गाड्या ज्या उतारावरून येत त्या उतारावरची घरं हीसुद्धा स्टेशनच्या इतिहासाची कागदपत्रं आहेत.

पुढच्या पानांत इमारतीचे नकाशे, तिच्या दुरुस्तीचे टप्पे आणि पुरांचा तपशील क्रमाने येईल. वाचताना नकाशावर पाण्याची वाट बोटाने शोधत जाणं उपयोगी पडेल: वरच्या वसाहतींपासून ओढ्यांपर्यंत, ओढ्यांपासून दुकानांच्या पोटाखालून पुलाच्या कमानीपर्यंत आणि तिथून नदीत. प्रस्तावित बोगदा याच पाण्याचा मोठा हिस्सा रस्त्यावर येण्याआधीच उचलून, रेल्वेमार्गाच्या खालून, थेट पटॅप्स्कोत सोडणार आहे.